प्रयोगशाळेची रोजकीर्द

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावात घड्याळाचे महत्त्व शहरातल्याहून निराळे असते. कोणाची पाळी केव्हा लागली, पाणी केव्हा फिरविले, रात्रीची पाळी कोणाच्या वाट्याला आली, हे तेथे सर्वांच्या ध्यानात असते आणि त्यावरून तंटेही होतात. पाट एक, पाणी एक. पण पीक मात्र प्रत्येकाचे वेगळे. सामाईक साधनातून स्वतंत्र लाभ होऊ लागला की कोणी किती घेतले याची नोंद ठेवणे भाग पडते, आणि नोंदीच्या मागोमाग आकारणी येते. आधुनिक विज्ञानाच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट घडली आहे. तेथे पाटाच्या जागी कोट्यवधी रुपयांचे एखादे उपकरण असते आणि पाळी मिनिटांनी मोजली जाते, इतकाच काय तो फरक.

एके काळी संशोधकाचे उपकरण बहुधा त्याचे स्वतःचे असे. भिंगे घासून, काचेच्या नळ्या फुंकून, तारा गुंडाळून ते त्याने किंवा त्याच्या हाताखालच्या कारागिराने सिद्ध केलेले असे. बिघडले तर तोच दुरुस्त करी आणि कोणी किती वापरले हा प्रश्नच उद्भवत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही स्थिती झपाट्याने पालटली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, ज्याला सर्वत्र एन. एम. आर. या संक्षिप्त नावाने ओळखतात ते रेणूंची घडण उलगडणारे यंत्र, मोठे संगणक, ही साधने एका प्राध्यापकाच्याच काय, एका विभागाच्याही ऐपतीबाहेरची ठरली. ती संस्थेने घ्यावयाची, एका दालनात बसवावयाची आणि सर्वांनी पाळीपाळीने वापरावयाची, अशी पद्धत रूढ झाली.

उपकरण एकदा विकत घेतले की पुढे खर्च तो कसला, अशी सामान्य माणसाची समजूत असते. आणि काही वेळा अनुदान मंजूर करणाऱ्यांचीही असते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. एन. एम. आर. यंत्राचा अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियमच्या कुंडात, म्हणजे शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत, सतत बुडालेला ठेवावा लागतो. त्याभोवती द्रवरूप नायट्रोजनचे आणखी एक वेष्टन असते. दोन्ही द्रव हळूहळू उडून जातात आणि ते ठरावीक मुदतीने पुन्हा भरावे लागतात. दिवाळीच्या सुट्टीत यंत्राकडे एकही विद्यार्थी फिरकला नाही म्हणून हेलियम उडावयाचे थांबत नाही. भरणा करण्यात हयगय झाली तर चुंबकाचे अतिवाहकत्व एकाएकी नष्ट होते, उरलेला हेलियम वायुरूप होऊन सुसाट बाहेर पडतो आणि मग जे नुकसान होते त्यापुढे वर्षभराची बचत हास्यास्पद ठरते. उलट, क्रमवीक्षण करणाऱ्या साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात टंगस्टनचा एक बारीक तंतू असतो. तो तापून इलेक्ट्रॉन सोडतो आणि साधारणपणे शंभर तास जळल्यावर तुटतो. तो जळतो मात्र कोणी काम करीत असेल तेव्हाच. पहिला खर्च यंत्र जिवंत ठेवण्याचा, दुसरा त्याच्याकडून काम करून घेण्याचा. दोहोंचा हिशेब एकाच पट्टीने करता येत नाही.

येथे थोडे अंकगणित करून पाहणे उपयोगाचे होईल. समजा, एका उपकरणाच्या देखभालीचा करार, वीज, वातानुकूलन आणि चालकाचा पगार मिळून, कोणी वापरो वा न वापरो, वर्षाला ३० लाख रुपये खर्च होतो; आणि प्रत्यक्ष वापराच्या दर तासामागे ५०० रुपयांचे साहित्य खर्ची पडते. वर्षात २,००० तास वापर झाला तर ३० लाखांचा बोजा तासामागे १,५०० रुपये येतो व एकूण दर २,००० रुपये बसतो. वापर निम्म्यावर, म्हणजे १,००० तासांवर आला तर तोच दर ३,५०० रुपये होतो. दर वाढला की ज्यांची अनुदाने तुटपुंजी आहेत ते पाठ फिरवितात, वापर आणखी घटतो आणि उरलेल्यांवर बोजा आणखी वाढतो. चांगली उपकरणे पुष्कळदा जुनी झाल्यामुळे नव्हे, तर या उतरणीला लागल्यामुळे आच्छादनाखाली जातात.

या साऱ्या गणितात वरचा आकडा, म्हणजे खर्च, कोणत्याही कचेरीतील बिलांवरून काढता येतो. खालचा आकडा, म्हणजे वापराचे तास, तो मात्र कोणत्याही बिलात सापडत नाही. तो प्रयोगशाळेने स्वतः नोंदलेला असला तरच असतो. भागाकारातील भाज्य निश्चित आणि भाजक अंदाजाने घेतलेला असेल, तर उत्तराला रुपये-पैशांत लिहून काढण्याने ते अचूक होत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाला कायदेशीर रूप फार लवकर आले, कारण तेथील विद्यापीठांचे संशोधन मोठ्या प्रमाणावर केंद्र सरकारच्या अनुदानावर चालते आणि एकाच यंत्रावर निरनिराळ्या अनुदानांची कामे होत असतात. विद्यापीठांनी सरकारी अनुदानाला कोणता खर्च लावावा याविषयीचे 'ए-२१' या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक १९५८ साली निघाले. पुढे अनेक दुरुस्त्यांनंतर २०१४ च्या अखेरीस त्याची जागा एका एकत्रित नियमावलीने घेतली. त्यातील सामाईक सुविधांसंबंधीचे तत्त्व थोडक्यात असे आहे: आकारणी प्रत्यक्ष वापरावर, जाहीर केलेल्या दरपत्रकाप्रमाणे व्हावी, सरकारी अनुदानाचे काम आणि संस्थेचे इतर काम यांत दराचा भेदभाव नसावा, दराने एकंदर खर्च तेवढा भरून यावा, नफा होऊ नये, आणि निदान दर दोन वर्षांनी मागील तूट किंवा शिल्लक लक्षात घेऊन दर सुधारावेत. दुसरा एक नियम याहूनही जाचक वाटण्याजोगा, पण न्याय्य आहे. एका अनुदानाचा खर्च, त्यातील पैसा संपला एवढ्या कारणास्तव, दुसऱ्या अनुदानाच्या नावे टाकता येत नाही. म्हणजे यंत्रासमोर बसलेल्या विद्यार्थ्याने केवळ किती वाजता बसलो एवढे सांगून भागत नाही. कोणत्या कामासाठी बसलो हेही त्याच वेळी सांगावे लागते.

मोजावयाचे काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पिठाची गिरणी दळणाच्या वजनावर पैसे घेते. भाड्याची मोटार अंतरावर घेते आणि थांबल्याचेही घेते. प्रयोगशाळेत दोन्ही पद्धती आढळतात. जेथे चालक स्वतः नमुना तपासून देतो तेथे दर नमुन्यामागे आकारणी होते आणि जेथे संशोधक शिकून स्वतः यंत्र हाताळतो तेथे तासावर होते. पण तास तरी कोणता? आगाऊ राखून ठेवलेला, की प्रत्यक्ष वापरलेला? केवळ वापरलेल्या वेळेचे पैसे घेतले तर चार तास अडवून ठेवून एकच तास काम करणारा सुखरूप सुटतो व इतरांची पाळी फुकट जाते. केवळ राखलेल्या वेळेचे घेतले तर नमुना पहिल्याच मिनिटाला खराब निघालेल्याला उगाच भुर्दंड पडतो. म्हणून बहुतेक ठिकाणी राखलेली वेळ ठरावीक अवधीपूर्वी सोडली तर आकारणी नाही, नंतर सोडली तर पूर्ण किंवा अंशतः आकारणी, असा मध्यममार्ग काढलेला असतो. यंत्रच मध्ये बंद पडले तर? नवशिक्याला शिकविण्यात गेलेले तास कोणाच्या नावे? या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवलेली नसली, की ती त्या त्या दिवशी समोर कोण उभे आहे यावर ठरू लागतात.

एवढे सारे झाल्यावरही, काही मिनिटांचा किंवा काही पैशांचा फरक आला तर त्याचा एवढा बाऊ कशाला, असे विचारणारे विचारतातच. त्याला उत्तर म्हणून बर्कली येथे १९८६ साली घडलेली हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

कॅलिफोर्नियातील बर्कली गावामागच्या टेकड्यांवर लॉरेन्स यांची प्रयोगशाळा आहे. सायक्लोट्रॉनचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स यांनी १९३१ साली तिचा पाया घातला. युद्धकाळ मागे पडल्यानंतर तेथील संशोधन बहुतांशी खुले झाले. शस्त्रास्त्रांचे गुप्त काम लिव्हरमोर येथील भगिनीसंस्थेत चाले. बर्कलीच्या संगणक विभागात मोठे संगणक होते आणि भौतिकी, रसायन, खगोल इत्यादी शाखांचे संशोधक ते वापरीत. संगणकाची वेळ महाग होती. ताशी सुमारे ३०० डॉलर. म्हणून प्रत्येकाने किती सेकंद घेतले याची नोंद होई व महिनाअखेर ज्याच्या त्याच्या अनुदानावर ती रक्कम टाकली जाई.

क्लिफर्ड स्टोल हा तेथे दुर्बिणीच्या आरशांच्या रचनेवर काम करणारा खगोलशास्त्रज्ञ. त्याचे अनुदान संपले. नोकरी जाण्याऐवजी त्याची रवानगी संगणक विभागात करण्यात आली. नव्या जागी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वरिष्ठाने त्याला एक किरकोळ काम सांगितले. महिन्याच्या दोन हजारांहून अधिक डॉलरच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटची तूट येत होती, ती कोठून आली एवढे शोधून काढावयाचे. पंचाहत्तर सेंट म्हणजे त्या दराने संगणकाचे नऊ सेकंद.

तूट लक्षात आली याचे कारण, हिशेब दोन ठिकाणी ठेवला जात असे. संगणकाची मूळ कार्यप्रणाली कोण केव्हा आला व किती वेळ राहिला ते आपोआप टिपून ठेवी. आपल्या जुन्या पेढ्यांच्या भाषेत ही रोजकीर्द. तिच्यावरून, विभागात उन्हाळी कामासाठी आलेल्या विद्यार्थ्यांनी पूर्वी केव्हा तरी रचलेले कार्यक्रम प्रत्येकाच्या नावे बिल काढीत. ही खतावणी. रोजकीर्द आणि खतावणी यांचा ताळा जमला पाहिजे, हे कोणत्याही मुनिमाला सांगावे लागत नाही. येथे तो पंचाहत्तर सेंटनी जमत नव्हता.

पहिला संशय स्वाभाविकपणे अपूर्णांकांवर गेला. सेंटचे अंश वरखाली करताना बेरजेत थोडेफार इकडेतिकडे होते, हे सर्वांना माहीत असते. स्टोलने कार्यक्रमांचा एकेक टप्पा तपासला. त्यांत दोष सापडला नाही. मग 'हंटर' नावाचा एक वापरदार दृष्टीस पडला. रोजकीर्दीत त्याची नोंद होती, पण खतावणीत त्याचे खाते नव्हते. पैसे कोणत्या अनुदानावर टाकावयाचे हे कोणी कळविलेलेच नव्हते. म्हणून त्याच्या वेळेचे बिल निघत नव्हते व तेवढ्याने तूट येत होती. नवा वापरदार दाखल करताना विभागातील माणूस दोन्हीकडे नोंद करी. ज्याने हे नाव घातले त्याला दुसऱ्या वहीचा पत्ताच नव्हता. कारण तो विभागातला नव्हता.

नजरचुकीने राहिलेले खाते समजून ते काढून टाकण्यात आले. परंतु थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका सरकारी संगणकाच्या चालकाकडून तक्रार आली, की बर्कलीहून कोणी तरी त्यांच्या यंत्रात शिरण्याचा प्रयत्न करीत आहे. ज्या नावाने हा प्रयत्न झाला तो संशोधक त्या काळात इंग्लंडमध्ये होता. तेव्हा कोणी परका मनुष्य दूरध्वनीच्या तारांवरून आत येतो, पत्रे इकडून तिकडे हलविणाऱ्या एका लहानशा कार्यक्रमातील उणिवेचा फायदा घेऊन संगणकाचे सर्वाधिकार बळकावतो व मग हवे त्या नावाने वावरतो, हे उघडकीस आले.

येथे स्टोलने जे केले ते नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याच्या हाती सर्वाधिकार आहेत तो संगणकातली रोजकीर्दही पुसू शकतो. तेव्हा नोंद अशा ठिकाणी हवी की जेथे त्याचा हात पोहोचणार नाही, किंबहुना ती होत आहे हेच त्याला कळणार नाही. एका शनिवार-रविवारी स्टोलने सुट्टीवर गेलेल्या सहकाऱ्यांच्या मेजांवरील छपाईयंत्रे उसनी आणली आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास तारांना ती जोडून तो तेथेच जमिनीवर झोपला. सकाळी एका यंत्रातून लांबच लांब कागद बाहेर आलेला होता. परक्याने उमटविलेले एकेक अक्षर त्यावर छापलेले होते.

पुढची हकीकत जगप्रसिद्ध झाली आहे. केंद्रीय गुन्हा अन्वेषण खात्याने प्रथम लक्ष घालण्याचे नाकारले. नुकसान किती, असे विचारता पंचाहत्तर सेंट हेच उत्तर होते, आणि तेवढ्यासाठी तपास होत नसतो. नुकसानीची मोजदाद रकमेनेच करण्याची सवय जगातल्या सर्व कचेऱ्यांना आहे, त्यामुळे त्या खात्याला फार दोष देण्यातही अर्थ नाही. स्टोलने मात्र सुमारे वर्षभर पाठलाग सोडला नाही. त्या परक्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावून पाहिली आणि तीसहून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला. त्यांत लष्करी यंत्रेही होती. तारेचा माग काढण्यास पुरेसा वेळ मिळावा म्हणून १९८७ च्या जानेवारीत अवकाश-संरक्षणाच्या योजनेविषयीचे खोटेच दस्तऐवज रचून त्याच्या वाटेत ठेवण्यात आले. तो ते वाचीत बसला आणि माग अटलांटिकपलीकडे पश्चिम जर्मनीतील हानोवर शहरापर्यंत जाऊन पोहोचला. मार्कुस हेस नावाचा तो तरुण व त्याचे साथीदार मिळालेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकत होते. १९९० साली जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. शिक्षा मात्र सौम्य व स्थगित स्वरूपाच्या झाल्या. स्टोलने १९८८ साली संगणकशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात हा वृत्तान्त लिहिला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तकही लिहिले.

या कथेतील हेरगिरीचा भाग वाचकांना अधिक रुचला यात नवल नाही. प्रयोगशाळा चालविणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग आरंभीचा आहे. ती आकारणी चोर पकडण्यासाठी केलेली नव्हती. संगणकाच्या वेळेचे पैसे रास्तपणे वाटले जावेत एवढाच तिचा हेतू होता. तथापि वेळेची नोंद व्यक्तीपर्यंत नेऊन पोहोचविली होती, आणि ती दोन स्वतंत्र ठिकाणी होती, म्हणूनच आपल्या घरात कोण वावरते आहे हे बर्कलीला कळले. सरसकट विभागवार ठोक रक्कम आकारली जात असती तर नऊ सेकंद कोणाच्याही लक्षात आले नसते.

त्या काळापासून साधने पुष्कळ सुधारली. यंत्राशेजारी दोरीने बांधलेली नोंदवही व पेन ही जुनी पद्धत. तिच्यात नाव, आत येण्याची वेळ, जाण्याची वेळ, नमुना, अनुदानाचा क्रमांक, शेरा व सही असे रकाने असतात. तिचे दोषही सर्वश्रुत आहेत. जाण्याची वेळ लिहावयाची राहते. दोन तास दहा मिनिटांचे दोन तास होतात, एक तास पन्नास मिनिटांचेही दोन तासच होतात. आणि रात्री बारानंतरच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत, सकाळी एकदम लिहिलेल्या आढळतात. आता अनेक ठिकाणी ओळखपत्र टेकविल्याखेरीज किंवा सांकेतिक शब्द दिल्याखेरीज यंत्राचा पडदाच उजळत नाही, आणि तेथपासून घड्याळ सुरू होते. यात लिहिण्याचा आळस उरला नाही. पण नवी दुखणी आली. एखादा विद्यार्थी आपल्या नावाने यंत्र उघडून चहाला जातो व घड्याळ चालतच राहते. दुसरा, मागचा निघून गेला पण नाव खोडावयास विसरला असे पाहून, त्याच्याच नावावर आपले काम उरकतो. यंत्र उघडणाऱ्याचे नाव संगणकाला कळते. यंत्रासमोर बसलेल्याचे कळतेच असे नाही.

म्हणून ज्याच्या नावे पैसे पडावयाचे त्याने आपली स्वतःची टिपणवहीही ठेवावी, हा जुन्या अनुभवी संशोधकांचा आग्रह योग्य आहे. तिच्यात फार काही नको. तारीख, यंत्र, वेळ, कोणत्या अनुदानाचे काम, नमुन्याचा क्रमांक, आणि काही बिनसले असल्यास तेही. एवढे त्या त्या दिवशी एका ओळीत लिहिलेले असले म्हणजे पुरे. महिनाअखेर बिल आले की ते या ओळींशी ताडून पाहण्यास फार तर अर्धा तास लागतो. त्यात दर वेळी चूक सापडेल असे नाही. पण दोन अनुदानांवर काम करणाऱ्याच्या बाबतीत एकाचे तास दुसऱ्यावर पडणे ही चूक वारंवार घडते, आणि ती महिन्याच्या आत सुधारणे सोपे असते. वर्षअखेरीस अनुदान बंद करताना ती निघाली तर तिला पत्रे, खुलासे व मंजुऱ्या लागतात. ज्याने सरकारी कचेरीत लेखापरीक्षकाच्या आक्षेपांना उत्तरे लिहिली आहेत त्याला हे निराळे सांगावयास नको. शिवाय या वहीचा दुसराही उपयोग आहे. अमुक छायाचित्र कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर घेतले, असा प्रश्न निबंध प्रसिद्ध झाल्यावर कोणी विचारला, तर यंत्राची नोंद आणि संशोधकाची नोंद जुळणे हाच त्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

सामाईक उपकरणांची परंपरा भारतातही नवी नाही. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'सीडीसी ३६००' हा त्या काळचा बलाढ्य संगणक आला, तेव्हा तो केवळ त्या संस्थेचा राहिला नाही. देशातील इतर संस्थांची गणितेही त्याच्यावर सोडविली जात आणि भोके पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे आपली पाळी येण्याची वाट पाहत राहत. १९७१ साली केंद्रात विज्ञान व तंत्रज्ञान विभाग स्थापन झाला. त्याच दशकात त्या विभागाने प्रादेशिक उपकरण केंद्रे उघडण्यास आरंभ केला. पवईची तंत्रज्ञान संस्था, मद्रास, लखनौ, चंडीगड, शिलाँग अशी ती देशभर पसरत गेली. त्यांमागचा विचार असा, की ज्या लहान महाविद्यालयाला असले यंत्र कधीही घेता यावयाचे नाही तेथील शिक्षकाने आपला नमुना टपालाने पाठवावा आणि माफक शुल्कात त्याचा निष्कर्ष परत मिळवावा. या केंद्रांच्या दरपत्रकांत विद्यापीठे, सरकारी प्रयोगशाळा व खाजगी उद्योग यांना निरनिराळे दर असतात, आणि उद्योगाचा दर सर्वांत चढा असतो.

२०२० च्या जानेवारीत बंगळूर येथील विज्ञान परिषदेत 'आय-स्टेम' या राष्ट्रीय व्यवस्थेचे उद्घाटन झाले. देशातील कोणत्या संस्थेत कोणते उपकरण आहे हे संशोधकाला घरबसल्या पाहता यावे व तेथेच वेळ राखता यावी, अशी तिची योजना आहे. २०२२ साली विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सामाईक उपकरणांच्या वापराविषयी व देखभालीविषयी मार्गदर्शक सूत्रेही प्रसिद्ध केली. सार्वजनिक पैशाने घेतलेले यंत्र एका विभागाच्या कुलपात राहू नये, हा त्यांचा रोख आहे. त्याची गरजही होती. एकाच आवारात, दोन शेजारच्या विभागांत, एकाच जातीची दोन यंत्रे असावीत आणि दोन्ही अर्धा वेळ बंद असावीत, हे दृश्य आपल्याकडे अपरिचित नाही. पण कुलूप उघडावयाचे तर आधी ते यंत्र वर्षातून किती तास रिकामे असते हे कोणाला तरी माहीत असावे लागते. 'आमच्या विद्यार्थ्यांनाच ते पुरत नाही' हे उत्तर खरे की खोटे, हे वापराच्या नोंदीखेरीज कशावरूनही ठरविता येत नाही.

आकारणीमुळे गरीब विद्यार्थी वगळला जातो, ही तक्रार मात्र गंभीर आहे आणि ती हिशेबाच्या काटेकोरपणाने मिटणारी नाही. दर न्याय्य असला तरी ज्याच्याजवळ अनुदानच नाही त्याला न्याय्य दरही परवडत नाही. याला दोन उपाय योजले जातात. एक म्हणजे नोंदच न ठेवता त्याला मोकळीक देणे. ही दया चालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते आणि त्या तासांचा बोजा कोणावर पडला हे कोणालाच कळत नाही. दुसरा उपाय म्हणजे त्याचे तास इतरांप्रमाणेच नोंदणे, बिलही पूर्ण काढणे आणि ते संस्थेने आपल्या निधीतून भरणे. दुसऱ्या पद्धतीत विद्यार्थ्याच्या पदरी पडते ते तेवढेच, परंतु संस्थेला वर्षअखेरीस सांगता येते की इतके तास, इतक्या विद्यार्थ्यांसाठी, इतक्या रकमेचे; आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तेवढी तरतूद मागता येते. न नोंदलेल्या सवलतीसाठी कोणताही वित्त अधिकारी तरतूद करीत नाही.

ओळखपत्रांची व पडद्यांची व्यवस्था आल्यावरही अनेक प्रयोगशाळांनी यंत्राशेजारची ती दोरीने बांधलेली वही ठेवली आहे. येण्याजाण्याच्या वेळा आता संगणकात असतात, त्यामुळे ते रकाने बहुधा रिकामेच दिसतात. भरलेला असतो तो शेवटचा, शेऱ्याचा रकाना. पहाटे तीनला काम आटोपून गेलेल्या कोणी तरी तेथे सकाळी येणाऱ्यासाठी लिहिलेले असते, की तंतू थरथरू लागला आहे, फार तर आणखी पाच-सहा तास टिकेल, मोठे काम सुरू करण्यापूर्वी बदलून घ्यावा.